सातवीची माया

बसा हो, पाच मिनिटांनी तुमचं काही बुडत नाही! पिंजरेमामांची गोष्ट सांगतो. हसू आलं नाही तर उठून जा, मी अडवणार नाही.

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणारे. दाणा, पाणी, भुसा, सगळं त्यांच्याकडे. शाळा चौथीत सुटलेली, पण छाती ही एवढी! "मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे प्रयोग फसले," म्हणायचे, "वीस वर्षांत माझ्या हातून एक कधी बिघडला नाही!"

तिथल्या मॅडमचा अभ्यास काय, तर मादी व्याली की तिच्या मेंदूत माया येते कुठून. विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची एकच जागा निघाली. एक चष्मेवाली पोरगी तीन आठवड्यांच्या बोलीवर आली. काम दाखवलं तर जागा पक्की, नाहीतर आपल्या घरी. आणि मॅडमनी तिच्या गळ्यात मारली सातवी!

सातवी म्हणजे सात नंबरच्या पिंजऱ्यातली उंदरीण. आळसाचं पोतं!

प्रयोग साधा. पाच पिल्लं घरट्यातून काढून पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत ठेवायची. माणूस दिसला की उंदरीण बिचकते, म्हणून बाहेर जायचं. दहा मिनिटांनी येऊन मोजायचं, आईनं किती परत नेली. बाकीच्या आया चार नेत, पाच नेत. सातवीचा आकडा शून्य! का, ते पोरीनं शोधायचं.

पोरीनं घरट्यात भुशाऐवजी मऊ कागदाच्या पट्ट्या घातल्या, पिल्लं ठेवली, बाहेर गेली. तेवढ्यात मागच्या दारानं मामा पाण्याच्या बाटल्या घेऊन आत. त्यांना कोण माणसांत मोजतो!

बघतात तर शेंगदाण्याएवढी गुलाबी पिल्लं, उघडीनागडी, कोपऱ्याकोपऱ्यांत वळवळतायत. आणि आई खुशाल दाणे कुरतडतेय!

"काय गं बये, लाज वाटते का?" मामांनी पाचही उचलली, घरट्यात घातली, वर कागद ओढला आणि बाटली लावून चालते झाले.

पोरगी आली. मोजते तर पाच! धावली. "मॅडम, कागदानं माया आली!"

"पुन्हा कर," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी पाच. मामांनी एकदा पोरीला बाजूला घेतलं. "तू हुशार आहेस गं, पण धांदरट. पिल्लं नीट ठेवत जा."

"हो मामा," पोरगी म्हणाली. लक्ष सगळं वहीत!

पंधराव्या दिवशी मॅडमनी बाहेरून एक बडे डॉक्टर बोलावले. पिंजऱ्यावर कॅमेरा बसवला. सगळे शेजारच्या खोलीत पडद्यासमोर, मागे भिंतीला टेकून मामा.

पिल्लं ठेवली. सातवी उठली. सगळे पडद्याकडे वाकले! तिनं अंग खाजवलं, एक दाणा खाल्ला आणि झोपली.

पाच मिनिटं गेली. सात गेली. पोरगी पांढरीफटक. "आज... आज तिला बरं नसेल," म्हणाली, आणि चष्मा पुसायला लागली. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं.

आणि पडद्यावर एक दांडगा हात आला! एक पिल्लू उचललं, दुसरं उचललं. पाचही घरट्यात. आवाजही ऐकू आला, "ऊठ की गं भवाने! तुझ्यापायी पोरीची जागा जाईल!"

सगळ्यांनी मागे बघितलं. भिंत मोकळी!

बडे डॉक्टर म्हणाले, "बावीस सेकंद. माया जबरदस्त आहे."

मामांना बोलावलं. "हे आजच केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"आजच कसं? रोज करतो! माझ्या कामात खाडा नसतो साहेब."

पोरीनं वही उघडली. कुणी सांगायच्या आत पंधरा दिवसांवर लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'पिल्लं मामांनी उचलली. मी विचारलं नाही, चूक माझी. कागदाचा काही संबंध नाही.' लिहिताना नाकाचा शेंडा लालबुंद.

मॅडमनी ते वाचलं. बराच वेळ वाचलं. "उद्यापासून नेमाने ये," म्हणाल्या. "आकडा काय, पुन्हा मोजता येतो."

मामांची छाती परत फुगली. "बघा, माझ्यामुळे जागा मिळाली!"

दुसऱ्याच दिवशी मागच्या दाराला कुलूप लागलं आणि पाटी आली, 'प्रयोग चालू असताना मायाळू माणसांना प्रवेश नाही.' तेव्हापासून मामा बाहेर स्टुलावर, जीव आत.

तुम्ही आत मॅडमना भेटायलाच निघालात ना? मग जाता जाता सात नंबरच्या पिंजऱ्यात एवढं बघून या हो. पाचही घरट्यात आहेत का? नाही, मला काही नाही, ते मामा विचारत होते.