लाईट जाण्याची वाट पाहणारा माणूस

आमच्या कामतघर वस्तीत लाईट गेली की घराघरातून शिव्या ऐकू येतात. तळमजल्यावरून मात्र एकच माणूस आनंदाने ओरडतो, "गेली रे गेली! दारं लावा!"

ते बबनदादा.

बबनदादा घरी गाणी तयार करतात. लग्नाच्या हळदीला वाजतात ती. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा कारखाना आहे आणि त्याची खटखट पाळीवर पाळी चालू असते. आम्हाला ती आता ऐकूही येत नाही, पण माइकला येते. लाईट गेली की लूम थांबतात आणि दादांचा स्टुडिओ उघडतो. स्टुडिओ म्हणजे एक खोली, खिडकीवर दोन गोधड्या, एक माइक आणि एक लॅपटॉप. पंखा अर्थातच बंद. घरात यूपीएस होता, तो त्यांनी भंगारात दिला. का, तर लाईट गेली की तो टीं-टीं करतो आणि गाण्यात येतो.

निवृत्त होईपर्यंत दादा एका गोडाऊनमध्ये माल लावून घ्यायचे. लॅपटॉपही ते गोडाऊनसारखाच चालवतात. सध्या चालू असलेलं गाणं आतल्या वेगवान डिस्कवर. झालेली गाणी, ढोल-ताशांचे तयार आवाज, सगळं बाहेरच्या जुन्या हार्डडिस्कवर. आणि आतली डिस्क पाव तरी रिकामी हवीच. "गोडाऊन भरलं की गाडी अडकली," असं ते दिवसातून चारदा म्हणतात, मग विषय डिस्कचा असो, पोटाचा असो की आमच्या जिन्यात ठेवलेल्या चपलांचा.

मी एकदा त्यांच्या लॅपटॉपवर लाईटबिल भरायला गेले. दादा आडवेच आले.

"वहिनी, बिल मोबाइलवर भरा. इथं इंटरनेट शिरला की अपडेट शिरतो, अपडेट शिरला की मशीन दमते."

"अहो, दोन मिनिटांचं काम."

"पाहुणा दोन मिनिटांसाठीच येतो."

मी पतपेढीत काम करते. माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर सकाळी सुरू व्हायला चहा संपेपर्यंतचा वेळ घेतो. तेव्हा या माणसाचं काहीच चुकत नाही, एवढं मला कळत होतं. फक्त कुणी ते इतकं मनाला लावून घेतं, याचं हसू यायचं.

मग माझ्या सासूबाईंच्या गळ्याला गाठ निघाली.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, मूळच्या दिघाशी गावच्या, आणि धवलारीण. म्हणजे लग्नात मांडव घालण्यापासून मुलीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं म्हणणारी बाई. ही गाणी, म्हणजे धवले, कुठे लिहिलेली नाहीत. त्यांच्या आईकडून त्यांच्याकडे आली आणि तिथेच थांबली, कारण मला सूर नाही आणि माझ्या मुलीला वेळ नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन साधं आहे, पण आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री देता येणार नाही. पुढच्या आठवड्यात दाखल व्हायचं होतं. मी तळमजल्यावर गेले आणि दादांना सरळ विचारलं, आईंची गाणी रेकॉर्ड करून द्याल का? ते एवढंच म्हणाले, "मावशींना सांगा, ताक पिऊ नका."

पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा सगळं तयार होतं. दादांनी दिवसभर मशीन तपासली होती. आई खुर्चीत बसल्या, खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "हलदीची गानी करतोस, आन तुज्या अंगाला कधी हलद न्हाय लागली. कसला रं तू!" दादांनी लग्न केलेलं नाही. ते लाजून हसले आणि बटण दाबलं.

आईंनी हळदीचा धवला म्हटला. घामाच्या धारा लागल्या, पण त्या थांबल्या नाहीत. नंतर ऐकलं तर आवाज जागोजागी तुटलेला, जणू फाटक्या जाळीतून येतोय.

"माजा गला गेला का याची मशीन गेली?" आई म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण त्यांचा हात गळ्याकडे गेला होता.

दादा लगेच लॅपटॉपवर वाकले. चूक सापडायला वेळ लागला नाही. सगळी तपासणी त्यांनी लाईट असताना केली होती. लाईट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर आला आणि बॅटरी वाचवायला स्वतःच हळू झाला. आजवरची गाणी तीन-तीन मिनिटांची, म्हणून कधी जाणवलं नव्हतं. आईंचं गाणं विधी संपेपर्यंत चालतं.

दादांनी ती बचत बंद केली. आपोआप सुरू होणारे सगळे प्रोग्रॅम काढले. आणि आतल्या डिस्कवर जागा हवी म्हणून स्वतःचं अर्धवट राहिलेलं सगळं काम उचलून बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकलं. ती अधूनमधून बंद पडते, हे मला ठाऊक होतं.

"दादा, तुमची गाणी गेली तर?"

"मी परत करीन. मावशी परत म्हणतील का?"

आता फक्त लाईट जायची बाकी होती. आणि ती जाईना! एरवी कुकर लावला की जाणारी लाईट दिवसामागून दिवस ठाम. माझा नवरा एरवी वीज कंपनीला फोन करून भांडतो. तो म्हणाला, "आता काय फोन करून सांगू, कृपया घालवा?" दाखल व्हायच्या आदल्या दुपारी मी बॅग भरत होते आणि पंखा मंदावला. खालून आरोळी आली. आईंनी तर चप्पलही घातली नाही.

त्या दुपारी त्यांनी मांडवापासून पाठवणीपर्यंत आख्खं लग्न लावलं. दोन धवल्यांच्या मध्ये पाणी प्यायल्या, दादांशी बोलल्या, पुन्हा गायल्या. मी दाराशी उभी होते. रडले नाही, पण काम होतं तरी वर गेले नाही.

ऑपरेशन नीट झालं. आवाज घोगरा राहिला. बोलता येतं, गाता येत नाही. दादांनी सगळे धवले स्वच्छ करून दिले, एकही सूर न तुटता. मधलं बोलणं काढून टाकलं होतं, मीच तसं सांगितलं होतं.

मागच्या महिन्यात दुपारी वालाच्या बिरड्याची वाटी घेऊन मी खाली गेले. दार लोटलेलं होतं. आतून आईंचा आवाज आला, जुना, खणखणीत.

"जेवलास का रं बबन? का तसाच बसलास?"

आई तर वर झोपल्या होत्या. मी फटीतून पाहिलं. लॅपटॉपवर त्या दुपारचं, गाण्यांतून काढलेलं बोलणं चालू होतं आणि दादा समोर ताट घेऊन बसले होते. भाताचा घास कालवता कालवता म्हणाले, "जेवतोय, मावशी."

मी वाटी न वाजवता परत वर आले. आई उठल्यावर त्यांना सांगितलं, फारसं काही न रंगवता. त्यांनी पदर सावरला, वाटी उचलली आणि त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या.

आता रोज दुपारी त्या जिन्यात उभ्या राहून घोगऱ्या आवाजात जेवायला हाक मारतात, आणि दादा ताट घेऊन वर येतात. डॉक्टरांनी मोठ्याने बोलायला मनाई केली आहे. मी आईंना ओरडते, पण हाक मारून झाल्यावर.