लाईट गेली की अण्णा उतरतात

पन्हाळ्याकडं निघालेली एखादी परगावची गाडी आमच्या वळणावर करकचून थांबली आणि आतली माणसं काचा खाली करून वर बघायला लागली, की मी ओळखतो, शेजारचे बसाण्णा छपरावर चढलेत.

सत्तरी ओलांडलेला माणूस. अंगात बंडी, खाली पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी, कानावर पेन्सिल. घोड्यावर मांड ठोकावी तसा कौलांच्या आढ्यावर बसलेला आणि दोन्ही हात हवेत नाचवणारा. मागं एकदा एक बाई गाडीतून उतरून धावतच आमच्या अंगणात आल्या. "अहो, ते आजोबा वर अडकलेत! केव्हाचे मदत मागतायत!"

मी म्हटलं, "मदत नाही हो मागत. आमटीत मीठ बेताचं घाल म्हणतायत."

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मलाही नेऊन अण्णांच्या शेजारी बसवायला हवं होतं. पण मी खरं तेच सांगत होतो. खाली अंगणात गंगाक्का तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. सुपातली नजर वर करून त्या नवऱ्याचं हवेतलं भाषण पुरतं बघायच्या आणि मग उजव्या हाताचा तळवा कपाळावर मारून घ्यायच्या. याचा अर्थ मात्र सगळ्या गल्लीला कळायचा.

अण्णा आणि अक्का दोघांची उभी हयात कबनूरला यंत्रमागावर गेली. अण्णा जॉबर, म्हणजे बिघडलेले माग चालू करणारे. अक्का सुताच्या कांड्या भरायच्या. त्या शेडमध्ये एवढा खडखडाट, की कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द पोचत नाही. म्हणून तिथली माणसं हातानं बोलतात. दोन मुठी जोडून फटकन लांब केल्या, की सूत तुटलं. दोन्ही हातांची पहिली बोटं एकमेकांत अडकवली, की गाठ मारली, माग चालू. उघडा पंजा मिटला, की लाईट गेली. मिशीला पीळ दिला, की मालक आला. "मालकाला मिशीच नव्हती," अक्का सांगायच्या. "खूण त्याच्या बापाची. बाप गेला, मिशी ऱ्हायली." अंगठा तोंडाकडं नेला, की चहा. या शेवटच्या खुणेनं अण्णांची आमच्या गावात फार बदनामी केली. सेवानिवृत्त होऊन ते मूळ गावी आले, छपरावर चढले आणि पहिल्याच दिवशी बायकोला अंगठा दाखवून काहीतरी मागू लागले. माझ्या बायकोनं, मंगलनं, कित्येक महिने त्या घरी विरजणसुद्धा मागितलं नाही.

आणि माझीही एक खूण होती. ती मला फार उशिरा कळली. मी फाटक उघडून आत आलो, की अक्का छपराकडं बघून पोटावरून एक भला मोठा गोल हात फिरवायच्या. मला वाटायचं, जेवणाचं विचारतायत. मी आपला दरवेळी "झालं हो जेवण" म्हणायचो. शेवटी मंगलनंच सांगितलं, "अहो, ते तुमचं नाव आहे." मला राग आला. दोन दिवस मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांनी छपरावरून गावभर ऐकू जाईल असं विचारलं, "पावणं, रुसलाय व्हय?"

मला ते अजून पावणंच म्हणतात. मी बँकेतून निवृत्त होऊन इथं घर बांधलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण अण्णांच्या लेखी ज्याचा आजा याच गावात मेला नाही तो पाहुणा.

रुसणं हा अण्णांचा आवडता शब्द. त्यांच्या जगात कुठलीच वस्तू बिघडत नाही. आमचा पाण्याचा पंप बंद पडला तेव्हा मी त्यांना बोलावलं. मागाच्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेलेत, म्हणून ते यंत्राला कान लावत नाहीत, हात लावतात. पंपावर तळवा ठेवून, डोळे मिटून बसले. तापातल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसे. मग म्हणाले, "बिघडला न्हाय ओ. रुसलाय. तुमी कवा पुसलासा का त्येला?" पंप पुसून, तेल घालून चालू केला. जाता जाता त्यांच्या हाताला आमचं दार कुरकुरताना लागलं, म्हणून ते काढून ठेवलं. दाराच्या बिजागरीसाठी खाट तिरकी केली, तर खाटेचा पाय हलत होता, म्हणून खाट उलटी केली. संध्याकाळी आम्ही बिनदाराच्या घरात जमिनीवर जेवायला बसलो. "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," मंगल म्हणाली. तेवढ्यात लाईट गेली आणि अण्णा पटाशी खाली ठेवून उठले. "सुट्टी," म्हणाले आणि घरी गेले.

हा अण्णांचा नियम. लाईट गेली की काम बंद. मागवाल्यांचं तसंच असतं, वीज गेली की शेड थंड. पण अण्णा हातोडी मारत असोत, कौल बसवत असोत, नाहीतर भिंतीला चुना देत असोत, लाईट गेली की हातातलं जिथल्या तिथं. लाईट गेलेली कळावी म्हणून सोप्यातला बल्ब दिवसाढवळ्या चालू ठेवायचा. तो विझला की अक्का अंगणातून पंजा मिटून दाखवायच्या आणि अण्णा छपरावरून उतरायला लागायचे.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, हातोडीला कुठं लाईट लागते?"

"हातोडीला न्हाय लागत," ते म्हणाले. "मला लागती की."

उतरून ते कट्ट्यावर अक्कांशेजारी बसायचे आणि मग दोघं तोंडानं बोलायची. कारण शेडमध्येही तोंडानं बोलायची वेळ तेवढीच असायची. माग थांबले, की एकदम कानात दडे बसल्यासारखी शांतता, आणि त्या शांततेत सगळी माणसं एकदमच बोलायला लागायची. अक्का निपाणीकडच्या, मराठीपेक्षा कानडी पक्की. अण्णांनी लग्नाचं विचारलं ते मात्र माग चालू असताना, हातानं. "काय खूण केली होती?" असं मंगलनं विचारलं, तेव्हा अक्का लाजल्या. "सूत तुटल्याची आदी केली त्यांनी. मग गाठीची. मला वाटलं, माझीच कांडी वाईट भरली. मी रडाया लागले. मग लाईट गेली, तवा तोंडानं सांगितलं." या गोष्टीचा शेवट आम्हाला कधी ऐकायला मिळाला नाही. पुढं काय म्हणाले, इथवर आलं की नेमका सोप्यातला बल्ब लागायचा आणि अण्णा अर्ध्या वाक्यात उठायचे. "लाईट आली!" म्हणायचे. अक्का मागनं ओरडायच्या, "साकु, पुरे की आता काम!" पण ते तोवर शिडीवर.

त्या कट्ट्यावरच्या दुपारी आठवल्या, की मला आजही वाटतं, वीज मंडळानं आमच्या गावावर उपकारच केले.

मग एका सकाळी अक्का चुलीपुढनं उठायला गेल्या आणि उजव्या अंगावर कोसळल्या. लकवा. कोल्हापूरच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले. जीव वाचला, पण उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळतं सगळं. फक्त शब्द येत नाहीत. तुम्ही बोलत राहा."

अण्णांनी ते मनावर घेतलं. सकाळपासून त्यांचा आवाज आमच्या घरात यायचा. "गंगे! ह्यो तांब्या हाय! तांब्या! म्हण की!" अक्का म्हणायचा प्रयत्न करायच्या. तोंडातून भलताच काहीतरी आवाज निघायचा, तो ऐकून त्यांची त्यांनाच लाज वाटायची. दोनचार दिवसांत त्यांनी तोंड मिटून घेतलं. भिंतीकडं तोंड करून पडायच्या. चांगला होता तो डावा हातही गोधडीत.

आता वाटतं, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कशी आली नाही? पण त्यांच्या हिशेबी हात होते ते खडखडाटासाठी, नाहीतर छपरावरून अंगणात बोलण्यासाठी. घरात शांतता असताना, समोरासमोर बसून, हातानं बोलायचं हे त्या दोघांना जन्मात सुचलं नसतं. शांतता म्हणजे तोंडानं बोलायची वेळ. आणि त्या वेळेला अक्कांकडं तोंड नव्हतं.

छपराचं काम अर्ध्यावर राहिलं होतं. वानरांनी फोडलेल्या कौलांच्या जागी निळी ताडपत्री फडफडत होती. हातोडी महिनाभर वाजली नाही. इतकी वर्षं त्या ठोकाठोकीला शिव्या दिल्या, आणि आता ती नाही म्हणून मला दुपारची झोप येईना. पुण्याहून त्यांचा मुलगा आला, म्हणाला, "अण्णा, दोघंबी चला. हितं कोण बघणार?" "तितं लोकांच्या छपराखाली कोण ऱ्हाणार" म्हणून कायम उडवून लावणारे अण्णा या वेळी नुसते "बरं" म्हणाले. गाडी घेऊन येतो म्हणून मुलगा परत गेला.

संध्याकाळी माझ्याकडं आले. त्यांची कुजबुजही देवळापर्यंत जाते, पण त्या दिवशी आवाज खरोखर लहान होता. "पावणं, मागावर धोटा हिकडनं सुटला की तिकडनं परत याया पायजे. तवा कापड हुतंय. मी आपला सोडतोय, सोडतोय. तिकडनं कायच येत न्हाय."

"रुसल्यात हो त्या," मी म्हणणार होतो, पण जीभ रेटली नाही.

मुलगा गाडी घेऊन यायच्या आदल्या दिवशी अण्णा शिडी लावून छपरावर चढले. "अर्धा माग सोडून जॉबर घरी जात न्हाय," एवढंच म्हणाले. मंगलनं अक्कांना अंगणात खुर्चीवर आणून बसवलं, अंगावर शाल पांघरली आणि मला शेजारी राखणीला ठेवून बाजारला गेली. वर ठोकाठोक सुरू झाली. पहिल्या घावासरशी अक्कांनी मान वर केली. तेवढंच.

थोड्या वेळानं हातोडी थांबली. अण्णांनी वळून खाली पाहिलं आणि सवयीनं अंगठा तोंडाकडं नेला. पुढच्याच क्षणी चटका बसावा तसा हात खाली घेतला, आमच्याकडं पाठ केली आणि खिळे शोधायला लागले. खिळे त्यांच्या समोरच होते. मी आपला पायाकडं बघत बसलो.

शेजारी काहीतरी हललं. शालीतून अक्कांचा डावा हात बाहेर आला होता. सावकाश तो त्यांच्या स्वतःच्या पोटावरून गोल फिरला. मग स्वयंपाकघराकडं गेला. मग अंगठा तोंडाकडं.

मला कळायला वेळ लागला. चहा हा ढेरपोट्या करील, असं त्या म्हणत होत्या.

"अण्णा!" मी ओरडलो. त्यांना कुठलं ऐकू यायला! शेवटी मी अंगणाच्या मध्ये उभा राहून दोन्ही हात हवेत नाचवायला लागलो. रस्त्यावर एक गाडी थांबली आणि काचा खाली झाल्या. खुशाल बघा म्हटलं. अण्णा एकदाचे वळले. अक्कांनी पुन्हा तो गोल फिरवला, या वेळी पहिल्यापेक्षा मोठा.

अण्णांच्या हातातली हातोडी कौलांवरून घरंगळत अंगणात पडली. त्यांनी दोन्ही हातांनी भराभरा काहीतरी विचारलं. अक्कांनी डावा तळवा कपाळावर मारून घेतला. मग तो माणूस आढ्यावर बसून मोठ्यानं रडायला लागला. "बोललीस की ग! गंगे, बोललीस की!" सगळी गल्ली बाहेर आली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी चहा करायला आत गेलो. इतका वाईट चहा मी आयुष्यात केला नव्हता. अक्कांनी एक घोट घेतला आणि हात पुन्हा कपाळाकडं नेला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. त्या खुणांतच वाढलेला पोरगा. त्यानं आईला हातानंच विचारलं, येतेस का? तिनं नाही म्हणून बोट हलवलं. गाडी तशीच परत गेली.

काल दुपारी अण्णा छपरावर होते. छपराचं काम खरं तर केव्हाच झालंय, पण ते काहीतरी काढतात. सोप्यातला बल्ब विझला. अक्कांनी डावा पंजा मिटून दाखवला. अण्णा हातोडी ठेवून उतरले आणि कट्ट्यावर त्यांच्या शेजारी येऊन बसले. पूर्वीची तोंडानं बोलायची वेळ. पण हल्ली लाईट गेल्यावरही अण्णा तोंड उघडत नाहीत. तिला येत नाही, तर आपणही नाही. दोघांचे तीन हात चालतात. त्यातही अक्कांचं बोलणं अर्धवट असतं, कारण बऱ्याच खुणांना दोन हात लागतात.

मी फाटकाशीच थांबलो. अक्कांनी डाव्या हाताचं पहिलं बोट वाकवलं आणि तसंच हवेत धरून ठेवलं. अण्णांनी आपलं बोट पुढं केलं आणि त्यात अडकवलं. गाठ मारली, माग चालू.

जरा वेळानं सोप्यातला बल्ब लागला. अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. पण ते काही उठले नाहीत.