लेकीच्या सासरचा गाळ

पर्यावरण खात्याचे साहेब तपासणीला येणार हे कळताच वसाहतीच्या अध्यक्षांनी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर सांडपाणी शुद्ध करायच्या प्रकल्पाची टाकी धुवून काढली. तपासणीत मिळणारं प्रमाणपत्र होतं स्वच्छ वसाहतीचं आणि टाकीत तर तपकिरी पाणी फेसाळत होतं. उभी हयात कचेरीत गेलेल्या माणसाला याचा दुसरा अर्थ लागणार कसा? शिवाय मागच्या खेपेला हे प्रमाणपत्र शेजारच्या वसाहतीने पटकावलं होतं, आणि तिथले अध्यक्ष म्हणजे यांचे व्याही. व्याह्यांनी ते चौकटीत घालून असं टांगलं होतं, की लेकीला भेटायला गेलेल्या बापाला चहा पिताना दुसरीकडे बघायची सोयच नव्हती.

प्रकल्पावरचा ऑपरेटर हुकमाचा ताबेदार. 'कशाला' हा प्रश्न त्याने जन्मात कुणाला विचारला नव्हता. त्याने टाकी उपसली, भिंती ब्लीचिंग पावडरने घासल्या आणि वर सढळ हाताने फिनेल ओतलं. टाकी लखलखली. अध्यक्षांनी बायकोला मुद्दाम बघायला नेलं. तिने पदर नाकाला लावून, घरचा ओटा कधी पुसणार, एवढंच विचारलं.

दोन दिवसांत वसाहतीच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. या टाकीतून निवळून निघालेलं पाणी बागेला जायचं, उरलेलं मागच्या ओढ्यात. आता बागेत उभं राहवेना आणि ओढ्यातली बदकं चालती झाली. अध्यक्षांनी प्रकल्प बसवणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला.

"टाकीतल्या गाळात जीवाणू असतात, ते घाण खातात," इंजिनिअर म्हणाला. "तुम्ही सगळे मारलेत."

"मग नवे सोडा."

"ते वाढेपर्यंत तुमची तपासणी होऊन जाईल. त्यापेक्षा एखाद्या चालू टाकीतला गाळ आणून ओता. जवळपास आहे का कुणाची?"

होती. तीच तर पंचाईत होती.

"लग्नात त्या लोकांनी आपल्याकडे काही म्हणजे काही मागितलं नाही," बायको म्हणाली, "आणि तुम्ही आता त्यांच्याकडे हे मागायला जाणार?"

अध्यक्ष गेले. घसा खाकरत, हवापाण्यावर बोलत, प्रमाणपत्राकडे पाठ करून बसत त्यांनी शेवटी विषय काढला. व्याह्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी प्रेमाने खांद्यावर हात ठेवला. आपल्या माणसांत मागायला लाज कसली, आमचा गाळ उत्तम आहे, हवा तेवढा न्या, असं ते सुनेदेखत म्हणाले. लेक खाली मान घालून कपबशा उचलत होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाळाचा टँकर आला आणि त्याच्यापुढे स्वतःच्या गाडीतून व्याही आले.

गाळ खरंच गुणाचा निघाला. वास गेला, पाणी निवळलं, बदकंही परतली. तपासणीला व्याह्यांना बोलावणं भागच होतं. ते इस्त्रीचे कपडे घालून टाकीपाशी उभे राहिले, जणू त्यांचंच लेकरू परीक्षेला बसलं होतं.

साहेबांनी बाग पाहिली, ओढा पाहिला, मान डोलावली. मग टाकीत डोकावून रुमाल काढला.

"बाकी सगळं झकास आहे," साहेब म्हणाले. "पण ही असली घाण का साठवलीत? उपसून टाका, फिनेलने धुवा, मी लगेच सही करतो."

व्याह्यांचा चेहरा उतरला. अध्यक्षांनी साहेबांच्या हातातल्या प्रमाणपत्राकडे पाहिलं. जीवाणूंचं सगळं शास्त्र त्यांना आता तोंडपाठ होतं, पण ऐन वेळी त्यातलं एक अक्षर आठवेना.

"साहेब, घाण म्हणू नका," ते म्हणाले. "माझ्या लेकीच्या सासरहून आली आहे ती. तिला कुणी हात लावायचा नाही."

साहेब सही न करताच गेले. व्याह्यांना मात्र भरून आलं. त्यांनी डोळे पुसले आणि दिवाळं निघाल्यासारख्या चेहऱ्याने उभ्या असलेल्या अध्यक्षांचा हात हातात घेतला.

"उद्या आणखी एक टँकर पाठवतो," ते म्हणाले.