आभाराला कुणी उठायचं न्हाई!

"माझ्या आभारप्रदर्शनाला एक माणूस जरी खुर्चीवरून उठला ना, तर नाव बदलीन!" धम्मप्रियानं मधल्या सुट्टीत, हातातली भाकरी उंचावून जाहीर केलं.

तिची मैत्रीण मनतशा हसून हसून आडवी झाली. "अगं, आभार म्हटलं की लोकं चपला शोधतेत! माझ्या अब्बांना तर त्या शब्दावरच जाग येती!"

पण धम्मप्रिया आता दहावीत होती, तालुक्यातून वक्तृत्वाची ढाल जिंकून आली होती आणि अंगात असा जोर भरला होता की ती बसली तरी बाक हलायचा! शनिवारी नगराध्यक्ष देविकाताई शहराच्या वर्षभराच्या प्रगतीवर बोलणार होत्या. आभार धम्मप्रियाकडं. शाळेच्या मुख्याध्यापिका बानो मॅडम ते ऐकून ठरवणार होत्या, नांदेडच्या स्पर्धेला हिला पाठवायचं की नववीतल्या यज्ञेशला. यज्ञेशला! ज्याला अजून 'अध्यक्षमहोदय' म्हणताना घाम फुटतो!

धम्मप्रियानं डोकं चालवलं. नव्या पाइपलाइनचा एक नळ खास स्टेजवर बसवला होता. भाषण संपलं की ताई तो सोडून दाखवणार होत्या. ही थेट ताईंच्या घरी धडकली.

"ताई, नळ आभारानंतर सोडू या! पाणी बघितल्याशिवाय कुणी हलणार न्हाई!"

"लई हुशार हायस गं!" ताई खूश.

मग तिनं सव्वाअकरापासूनचं वेळापत्रक आखलं. वक्तृत्व स्पर्धेत सगळ्यांना असतात तशी नगराध्यक्षांना सात मिनिटं! दोन मिनिटं टाळ्या, पाच मिनिटं आभार. पाणी सोडणाऱ्या वीरभद्रमामांना तिनं बजावलं, "बरोबर साडेअकराला चावी फिरवा, मामा!"

"फिरवतो की. पण बाळ, ती चावी म्हंजी..."

"साडेअकरा!" सायकलवर टांग टाकून ती पसार!

शनिवारी सभागृह गच्च भरलं. साडेअकरा वाजले तरी ताई रस्त्यांवरच होत्या. रस्ते संपले तर दिवे, दिवे संपले तर नाल्या, नाल्या संपल्या तर नियोजित बाग! धम्मप्रिया तव्यावरच्या लाहीसारखी खुर्चीत उडत होती. तिनं चिठ्ठी सरकवली : 'ताई, वेळ संपली.' ताईंनी ती न वाचताच घडी घालून ठेवली आणि बागेतल्या कारंज्याकडं वळल्या.

इतक्यात तिसऱ्या रांगेत फोन वाजला.

"काय? पाणी आलं? आज? आपली पाळी तर मंगळवारी हाय!"

झालं! आठ दिवसांतून एकदा पाणी येणारं आमचं गाव! मामांची चावी एका नळाची नव्हती हो, अर्ध्या गावाची होती! खटाखट खुर्च्या मागं सरल्या, पन्नास फोन एकदम कोकलले. "मोटर लाव!" "टाकीचं झाकण काढ!" "अगं, मी येऊन राहिलो, तू पिंप तरी घास!" दारात अशी रेटारेटी, जणू लग्नात पंगत बसली!

ताईंचाही फोन वाजला. तो ठेवला होता माइकजवळ, त्यामुळं त्यांच्या सासूबाई साऱ्या सभागृहाला ऐकू आल्या. "देविका! पाणी आलं आन् मोटर चालू होईना! ये लौकर!"

ताईंनी कागद मिटले. "उरलेली प्रगती छापील प्रतीत वाचावी. जय हिंद!" आणि पदर खोचून निघाल्यासुद्धा!

उरल्या दोनशे खुर्च्या आणि धम्मप्रिया. गेलं नांदेड! तिला रडूच फुटणार, तेवढ्यात मागं फुर्रर्र झालं. स्टेजवरचा नळ! कुणीतरी तपासून उघडाच ठेवला होता. ती धावली, तोटी गरागरा फिरवली, तर तोटीच हातात आली! पाण्याची धार थेट झेंडूच्या हारावर!

मागच्या गल्लीतल्या एका बाईनं खिडकीतून डोकावलं. "अगं बया, हितं तर मोकळा नळ हाय!"

पाच मिनिटांत स्टेजवरून दारापर्यंत रांग. घागरी, बादल्या, कळश्या, एक कुकरसुद्धा! जो तो आपला नंबर धरून खांबासारखा उभा. कुणी पाऊल हलवायला तयार न्हाई!

धम्मप्रियानं रांगेकडं बघितलं. मग माइककडं बघितलं. निथळती वेणी मागं टाकली आणि घसा खाकरला.

"उपस्थित मान्यवर, आणि माझ्या बंधुभगिनींनो!"

नगराध्यक्षांचे आभार, मंडपवाल्याचे आभार, माइकवाल्याचे आभार, हारवाल्याचे आभार. पूर्ण पाच मिनिटं! एक माणूस हलला न्हाई! उलट एका आजीनं कळशी वाजवून दाद दिली!

आणि रांगेत अकराव्या नंबरवर, स्वागताच्या फुलदाणीतली फुलं काढून तीच हातात धरलेल्या बानो मॅडम!

धम्मप्रियानं माइक झाकला. "मॅडम, नांदेड?"

"हाव, तूच जा," मॅडम कुजबुजल्या. "पण आत्ता थांबू नको, बोलत राहा! लोकं तुझ्याकडं बघून राहिलेत, तेवढ्यात मी दोन नंबर पुढं सरकले!"