हात उघडा, भिंत फुलेल

"हात उघडा, भिंत फुलेल. याहून सोपं काय असतं?" शाहिनाझने अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं.

कैरोतल्या एका बंद छापखान्यात सात महिने खपून तिने भिंतभर प्रकाशाचं तळं केलं होतं. तळहात उघडा धरला की बासरी वाजायची, कळ्या उमलायच्या, तीन मिनिटांत भिंत कमळांनी गच्च. बोटं मिटून हाताची कळी केली की सगळं परत चिखलात. वरचा कॅमेरा खोलीतला प्रत्येक हात टिपायचा. आज परीक्षक उल्फत मॅडम येणार. त्यांचा होकार मिळाला तर तळं अलेक्झांड्रियाच्या प्रदर्शनात, नाहीतर भंगारात. छापखाना उद्या रिकामा करायचा होता.

मॅडम आल्या. मागून निम्मी गल्ली आली. मॅडमनी हात उघडला, पहिली कळी हलली. तेवढ्यात मागून एक बाई रेटली, आणि पुढच्या आजोबांनी पाची बोटं जुळवून हात वर-खाली केला: दम धर जरा.

कळी गडप.

आता कैरोत माणूस ही खूण करतच जन्माला येतो. टॅक्सीवाला मागच्याला करतो, सासू सुनेला करते, सून तिच्या पाठीमागे सासूला करते. पण शाहिनाझने सराव केला एकटीने. एकटा माणूस 'थांब' म्हणणार कुणाला?

"कुणीही असं करू नका," ती म्हणाली, आणि असं म्हणजे कसं ते करून दाखवलं.

चिखल.

"अहो, ती सांगतेय तर थांबा की," म्हणत दहा जणांनी एकमेकांना थांबवलं. दहा हातांच्या दहा कळ्या. भिंतीवर एक नाही.

"बाईसाहेब, माझ्यावर सोडा," वायरमन उस्ताद बय्यूमी म्हणाला आणि चहाचा ट्रे घेऊन आला. प्रत्येकाला दोन-दोन पेले. "धरा. एक तुमचा, एक शेजाऱ्याचा."

"आणि शेजाऱ्याच्या हातातले?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"ते पाहुण्यांचे. सांडू नका म्हणजे झालं."

सगळे हात अडकले. मॅडमनी परत तळहात उघडला. एक मिनिट. दोन. अर्धी भिंत गुलाबी. शेवटची रांग उमलणार, इतक्यात मॅडमचा फोन वाजला. ड्रायव्हर होता, दोन गल्ल्या पलीकडे.

"आले रे," मॅडम फोनवर म्हणाल्या, आणि त्या न दिसणाऱ्या ड्रायव्हरला मोकळ्या हाताने खूण केली: दम धर जरा.

चिखल.

शाहिनाझने डोळे मिटले. मॅडम मात्र भिंतीकडे बघत राहिल्या.

"काय डोकं आहे ग तुझं. आयुष्यभर 'थांब, थांब' म्हणतो आपण, आणि फुलायचं राहूनच जातं. घेतलं मी हे. पण एक शब्द दे, कधीच फुलू द्यायचं नाही. फुललं तर लग्नाचा मांडव वाटेल."

शाहिनाझने शब्द दिला. काय करते बिचारी!

गल्ली पांगली. पेले गोळा करून झाल्यावर बय्यूमीने सहज भिंतीसमोर तळहात धरला. तीन मिनिटांत अख्खी भिंत कमळांनी भरली, बासरी टिपेला गेली. सात महिन्यांत इतकं सुंदर कधी फुललं नव्हतं.

"अहो उस्ताद, मिटा ते," शाहिनाझ दार लावायला धावली. "कुणी बघितलं म्हणजे?"