वाचवलेल्या बेडकांचा आकडा

आकड्यांच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही! वन्यजीव खात्यात चौदा वर्षं तक्ते भरतोय, उगाच नाही. म्हणून साहेबांनी विचारलं, "बेडूक वाचवायच्या मोहिमेचा उपयोग होतो की नाही, हे कोण मोजणार?" तेव्हा मीच हात वर केला. तेव्हापासून कंबर धरून बसलोय.

आमच्या घरामागे झाडी, मध्ये रस्ता, पलीकडे तळं. अंडी घालायच्या दिवसांत बेडूक संध्याकाळी झाडीतून तळ्याकडे निघतात आणि गाड्यांखाली येतात. मी त्यांना बादलीत घालून रस्ता ओलांडायचा, तळ्याच्या काठावर सोडायचं आणि तक्त्यात लिहायचं: वाचले किती, चिरडले किती. "आकडा दणदणीत आला, तर रस्त्याखालून मोठा पाइप टाकू," साहेब म्हणाले होते. "मग जातील आपले आपण!" त्या पाइपवर माझा जीव टांगलेला होता. एकेका बेडकामागे एकदा वाकायचं, आणि माझी कंबर पन्नाशीची!

पहिल्या दिवशी एकतीस. दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस. तिसऱ्या दिवशी सत्तर!

"अहो, आज तरी सरळ बसून जेवाल का?" बायको विचारायची.

पाठीवर पांढरा डाग असलेला एक जाडा बेडूक ओळखीचा वाटायला लागला. पाचव्या दिवशी तो स्वतःहून बादलीत येऊन बसला. मला वाटलं, सगळे एकाच घराण्यातले असतील.

आठवड्याचा आकडा चारशे बारा! चिरडलेले शून्य! अहवाल साहेबांना देऊन टाकला.

दोन दिवसांनी सकाळी तळ्याकडे फिरायला गेलो, तर काठावर सासरेबुवा. महिनाभरासाठी आमच्याकडे आलेत. हातात आमच्या बाथरूममधली बादली!

"बाबा, हे काय?"

"बेडूक हो! रोज सकाळी अगदी पाण्याच्या कडेला बसलेले असतात. पाण्यात पडले म्हणजे? उचलतो आणि झाडीत नेऊन सोडतो."

"बाबा, त्यांना पाण्यातच जायचंय!"

"मग रोज माझी वाट बघत कशाला बसतात?"

म्हणजे रोज तेच बेडूक मी पुन्हा मोजत होतो! खरे बेडूक साठ-सत्तरच असणार! अहवाल परत मागायला तसाच ऑफिसला पळालो. पळालो म्हणजे वाकून चाललो.

मला बघून साहेब चक्क उठून उभे राहिले. "चारशे बारा वाचले, एकही चिरडला नाही! शंभर टक्के यश!"

"साहेब, त्या आकड्यात जरा..."

"विनय पुरे! वरिष्ठ म्हणतात, बादलीनं इतकं छान भागतंय, तर पाइप हवा कशाला? पाइप रद्द! तुम्ही पुढची पाच वर्षं हेच चालू ठेवा."

खरं सांगायला तोंड उघडलं. मग लक्षात आलं, साठ म्हटलं तर 'एवढ्याशा बेडकांसाठी पाइप?' म्हणून रद्द, आणि चारशे म्हटलं तरी रद्दच. तोंड मिटलं. फार थकलो होतो हो!

घरी येऊन सगळं सांगितलं. सासरेबुवा गहिवरले.

"पाच वर्षं? मग मी कसला परत जातोय, जावईबापू! तुम्हाला एकट्याला झेपायचं नाही."