बुटांचा मानकरी

फेर्मीन चोके सरांनी आयुष्यात एकच मोठी थाप मारली, तीही भर मिनीबसमध्ये, एका सत्तरीच्या डच बाईला.

समोरच्या घरात खोली घेऊन राहणाऱ्या योहानाबाई आदल्याच आठवड्यात वायना पोतोसीच्या शिखरावर जाऊन आल्या होत्या. चढावर मिनीबस वळली, खिडकीत तो पांढराशुभ्र डोंगर उभा राहिला, तशा त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही तर कितीदा गेला असाल वर."

सर ला पाझच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवत आले होते. हा डोंगर त्यांनी फळ्यावर इतक्या वेळा काढला होता की त्या खडूचा ढीग घातला असता तर दुसरा डोंगर झाला असता. "वर गेलोच नाही" हे एवढ्या लोकांत म्हणायचं कसं?

"हो तर," सर म्हणाले.

"ती शेवटची धार काय अरुंद आहे, नाही? माझी तर गाळण उडाली."

"अरुंद कसली. मिनीबस जाईल आरामात."

योहानाबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचा वरचा फोटो दाखवा ना एकदा. महिनाअखेरीला मी परत चालले."

"दाखवतो की," सर म्हणाले, आणि आपला थांबा येण्याआधीच उतरून गेले.

माणूस थाप दोन प्रकारे निस्तरतो. एक तर कबूल करून, नाहीतर खरी करून दाखवून. पहिला प्रकार सरांच्या स्वभावात नव्हता. शाळेला थंडीची सुट्टी लागतच होती. एका वाटाड्याला गाठायचं, गुपचूप वर जायचं, फोटो काढायचा आणि खाली यायचं, असा बेत त्यांनी घरी पोचेपर्यंत पक्का केला. आणि गंमत म्हणजे बेत पक्का होताच थाप मागे पडली आणि सरांना खरोखरच वर जायचा उमाळा आला. जेवणाच्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला. गल्लीच्या पायऱ्या दोन-दोन करत चढू लागले. आरशासमोर काळा चष्मा लावून ते क्षितिजाकडे बघत उभे राहिले, तेव्हा त्यांची बायको कासिल्दा बटाट्यांचं गाठोडं पाठीवर घेऊन बाजाराला निघाली होती. त्याच पायऱ्या ती रोज गाठोड्यासकट चढायची, पण तिच्याकडे काळा चष्मा नव्हता.

"कोणकोण जाणार?" तिने विचारलं.

"मी आणि एलॉय वाटाड्या. बस."

"आणि मानकरी?"

"मानकरी कशाला? लग्न आहे का हे?"

"बूट कुठले घालणार मग? शाळेचे?"

"ते मिळतील तर ना. रोज सकाळी तूच घालून जातेस पाव आणायला."

"दारात असतात म्हणून घालते. आणि माझ्या पायांचं बघण्याआधी घराबाहेर पडताना स्वयंपाकघरातला दिवा मालवायला शीक. आजही चालूच होता."

मानकऱ्याचा विषय सरांनी झटकला, पण त्या शहरात तो असा झटकला जात नाही. तिथे लग्नाच्या केकला मानकरी असतो, बँडला असतो, शाळेला पाण्याची टाकी बसली तरी टाकीला असतो. मानकऱ्याने ती वस्तू द्यायची आणि घेणाऱ्याने त्याला जन्मभर नातलग मानायचं. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. कासिल्दाने बाजारात शेजारच्या गाळ्यावर नुसतं सांगितलं, आणि संध्याकाळी वापरलेल्या परदेशी सामानाचा व्यापारी सातुर्निनो बर्फावरचे बूट छातीशी धरून दारात उभा.

"सर, बुटांचा मान माझा. नाही म्हणालात तर ओळख विसरा."

सरांना बूट हवेच होते. ते हो म्हणाले. इथेच गाडी घसरली.

बुटांना मानकरी मिळाल्याची बातमी फुटल्यावर दोरीचा मानकरी रागावून आला. त्याची समजूत निघते तोच टोपीचा आला. सुपाचा मान सरांच्या मावशीने घेतला आणि वाळवलेल्या बटाट्यांचं पोतं पाठवून दिलं. शेवटी मेहुणा गुआल्बेर्तो आला. तो पितळी बँडमध्ये सर्वांत मोठं वाद्य वाजवायचा आणि बोलायचाही त्याच आवाजात.

"दाजी, बँडचा मान माझा."

"डोंगरावर बँड कशाला रे?"

"मग काय शिट्टी वाजवत जाणार? लोक म्हणतील, बहीण दिली ती अनाथाला दिली."

"अरे, तिथे श्वास घेता येत नाही माणसाला."

"आमच्या पोरांना कुठे घ्यायचाय? त्यांना सोडायचाय."

प्रत्येक मानकरी आपला मान स्वतःच्या हाताने देणार, म्हणजे प्रत्येकाला पायथ्यापर्यंत नेणं आलं. एकट्या माणसाला कसं न्यायचं, म्हणून त्याचं बिऱ्हाड आलं. बिऱ्हाडं झाली म्हणून बस आली. बस आल्यावर तिच्यावर फुगे आले. एकाने तर पितळी पाटीही कोरून आणली. पाटी लहान पडली म्हणून कारागिराने पहिलं नाव गाळून नुसतं 'चोके, शिखरवीर' एवढंच कोरलं होतं.

"अहो, पण मी अजून गेलो कुठे?" सर म्हणाले.

"आता जावंच लागेल," पाटीचा मानकरी म्हणाला. "पितळ खोडता येत नाही."

सरांना हे सगळं मनातून आवडू लागलं होतं. गल्लीतून जाताना लोक आता टोप्या काढत होते. फक्त एका जेवणाला कासिल्दा म्हणाली, "फोटोला कोणी नव्हतं ना? मी समोरच्या योहानाबाईंना मान दिला. बिचाऱ्यांना फार आनंद झाला," आणि सरांच्या घशात बटाटा अडकला.

ठरल्या दिवशी बस खिंडीतल्या धर्मशाळेशी पोचली. वर बर्फ असं झळाळत होतं की सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आज," ते पुटपुटले, "आज खरं होणार." एलॉय वाटाड्याने बसमधून उतरणारा बँड पाहिला, मोठं वाद्य पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हे पण वर?"

"नाही, नाही. हे खालीच."

"मग जेवून लगेच निघू. संध्याकाळच्या आत वरच्या झोपडीत पोचायचं."

पण आधी भूमातेचा मान. रिवाज असा की दारूचा पहिला घोट भूमातेला सांडायचा, दुसरा यजमानाने प्यायचा. मानकरी जेवढे, तेवढे घोट. दोघांनाही सारखेच मिळाले, पण भूमातेच्या पोटाचा घेर मोठा. सरांच्या केसांत रंगीत कागदांचा चुरा होता, गळ्यात फुग्यांची माळ होती आणि चेहऱ्यावर जगाबद्दल अपार माया पसरली होती.

"सर, बूट चढवा आणि नाचून दाखवा," सातुर्निनो म्हणाला. "न नाचलेला बूट वर दगा देतो."

ते बूट आतून प्लास्टर घातल्यासारखे ताठ. बँडने ठेका धरला आणि सर नाचले. एलॉय येऊन म्हणाला, "सर, निघू या." सर म्हणाले, "एवढं गाणं होऊ दे." बँडची गाणी एकमेकांत अशी गुंफलेली असतात की 'एवढं' कुठे संपतं ते बँडलाही ठाऊक नसतं. अखेर ते संपलं तेव्हा सर एका दगडावर टेकले. थोड्या वेळाने त्यांनी उठायचं ठरवलं. पायांनी नाही ठरवलं.

"सर, उठा," एलॉय म्हणाला.

"मी उठलोय," सर बसल्या जागेवरून म्हणाले.

सातुर्निनोचा चेहरा पडला. "सर राहिले तर राहू देत," तो म्हणाला, "पण बूट वर गेले पाहिजेत. सातुर्निनोचे बूट पायथ्यावरून परत आले, हे ऐकून बाजारात बसू कसा मी?"

सर्वांना ते पटलं. सरांच्या पायातले बूट उतरवून फिरवण्यात आले. गुआल्बेर्तोचा नुसता अंगठाच आत गेला. दोरीच्या मानकऱ्याचे पाय आत हरवले. तेवढ्यात कासिल्दा सुपाचे वाडगे खाली ठेवून आली, शांतपणे बूट चढवले आणि दोन पावलं चालून बघितली.

"अगं, तू?" सर म्हणाले.

"वीस वर्षं तुझ्याच जोड्यात चालतेय मी. याला फक्त नाड्या जास्त आहेत." तिने डोक्यावरची गोल टोपी काढून सरांच्या मांडीवर ठेवली. "ही सांभाळ. तिच्यावर बसू नकोस." मग घेरदार झग्यावर दोरीचा पट्टा आवळला आणि पितळी पाटी बटाट्यांसारखी पाठीच्या गाठोड्यात बांधली.

"मीही येते," योहानाबाई उठल्या. "फोटोचा मान माझा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर धर्मशाळेच्या ओट्यावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. डोकं ठणकत होतं. वर बर्फावर ठिपके हलत होते, आणि त्यांतला एक घेरदार होता. आयुष्यभर फळ्यावर काढलेल्या रेषेवरून आपली बायको चालतेय, हे बघून सरांना लाज वाटायला हवी होती. तीही वाटली, पण थोडी नंतर. आधी ते ओट्यावर उभे राहून टोपी हलवत राहिले.

दुपारी मंडळी उतरली. बँडने पुन्हा दणका दिला. योहानाबाईंनी कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. निळ्या आभाळात, शिखरावर, झगा वाऱ्याने फुगलेला, आणि हातात पाटी, 'चोके, शिखरवीर'. त्यात खोडण्यासारखं काहीच नव्हतं. सातुर्निनो बुटांना मिठी मारून रडला.

योहानाबाई सरांच्या शेजारी येऊन बसल्या. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "धारेवर मी बराच वेळ थांबले होते. मिनीबस काही आली नाही."

सरांनी मान खाली घातली. "मी कधीच वर गेलेलो नाही, बाई."

"ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "पण बँड ऐकायची इच्छा होती."

कासिल्दा नाड्या सोडत होती. सरांनी तिची टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि लहान मुलासारखं विचारलं, "कसं दिसतं गं वरून?"

"सगळं दिसतं," ती म्हणाली. "शहर, बाजार, आपली गल्ली. स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून आलायस तू."

एवढ्या दुरून एका घरातला दिवा ओळखू येणं अशक्य आहे, हे सरांनी परतीच्या बसमध्ये भूगोलाच्या आधाराने सविस्तर पटवून दिलं. सगळ्यांना पटलंही. घरी पोचून दार उघडलं, तर दिवा चालू होता.

ती पितळी पाटी आता चोक्यांच्या स्वयंपाकघरात आहे. दिव्याच्या बटणाच्या बरोब्बर वर.